घरी सराव करायचा, पण कधी आणि कुठे?

आयटीत शिरू पाहणाऱ्या मुलीला सगळे एकच सल्ला देतात, 'क्लासच्या प्रमाणपत्रानं काही होत नाही, घरी सराव कर.' सल्ला खोटा नाही. नेटवर्किंग, सर्व्हर सांभाळणं, प्रोग्रॅमिंग ही हातानं शिकायची कामं आहेत. मशीन बिघडवायचं आणि पुन्हा उभं करायचं, तेव्हा ती अंगात मुरतात. पण 'घरी' या शब्दाचा अर्थ मुलाला एक आणि मुलीला दुसरा आहे, हे सल्ला देणाऱ्यांच्या ध्यानातच येत नाही.

मी हे बेलपाड्यातून लिहिते आहे. 1970 साली सिडको स्थापन झाली, नवी मुंबईसाठी आमच्या पनवेल तालुक्यातल्या गावांच्या जमिनी गेल्या आणि आज आमच्या गावठाणाला खारघरच्या इमारतींनी वेढलं आहे. खारघर स्टेशनसमोर सी-डॅक ही सरकारी संगणक संस्था आहे. नोव्हेंबर 2023 पासून बेलापूर ते पेंधर मेट्रो धावते. शिक्षण आणि नोकरी दोन्ही जवळ आली, तरी गावातल्या मुलींचं घोडं अडतं ते घरातच.

आधी वेळेचं पाहू. केंद्र सरकारच्या 2024 च्या पाहणीनुसार घरकाम करणाऱ्या बाईची त्यात दिवसाला सरासरी 289 मिनिटं जातात, घरकामात हात घालणाऱ्या पुरुषाची 88. फरक तीन तासांहून जास्त आहे. एखादा धडा वाचून, करून पाहून, चुकून पुन्हा करायला एवढाच वेळ लागतो. म्हणजे भावाच्या सरावाचे तास बहीण आणि आई भरून देत असतात.

मग मशीनचं. घरात संगणक आला की तो भावाच्या टेबलावर जातो, मुलीच्या हाती मोबाइल राहतो. मोबाइलवर व्हिडिओ पाहता येतो, पण सर्व्हर बसवायला शिकता येत नाही. पैशाचंही तेच. जमिनीचा मोबदला आणि साडेबारा टक्क्यांचे भूखंड बहुतेक पुरुषांच्या हाती गेले. 2005 च्या दुरुस्तीनं हिंदू कुटुंबात मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच हक्क मिळाला, तरी बहिणींकडून हक्कसोड लिहून घेणं चालूच आहे. मुलाची फी ही गुंतवणूक आणि मुलीची फी हा खर्च, असा हिशेब त्यातूनच येतो.

आणि शेवटी वाट निवडण्याचं. 'डेटा एंट्री घे, नाहीतर टेस्टिंग. बसून करायचं, संध्याकाळी घरी यायचं.' या कामांना मी कमी लेखत नाही. ज्या मुलीला ती आवडतात तिनं जरूर करावीत. पण इथे आवड कुणी विचारलेलीच नसते. अजून न ठरलेल्या सासरची सोय पाहून मुलीची वाट ठरते. नेटवर्किंगला रात्रपाळी असते म्हणून ते नको. 2017 च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायद्यानुसार बाईची संमती असेल आणि मालकानं तिच्या सुरक्षिततेची व घरापर्यंत पोचवण्याची व्यवस्था केली असेल, तर ती रात्री साडेनऊनंतरही काम करू शकते. ती व्यवस्था मागून घ्यायची की मुलीनंच वाट बदलायची, हे आपण ठरवायला हवं.

'मशीन बायकांचं काम नाही' म्हणणाऱ्यांना 1946 साली अमेरिकेत जगापुढे आलेल्या एनियॅक या संगणकाची गोष्ट सांगावी. त्याचं प्रोग्रॅमिंग सहा बायकांनी केलं. गुप्ततेच्या नियमामुळे सुरुवातीला त्यांना यंत्राजवळही जाऊ दिलं नव्हतं, म्हणून त्या कागदावरच्या आकृत्यांवरून शिकल्या. श्रेय मात्र त्यांना कित्येक वर्षं मिळालं नाही. आपल्यासाठी यात आणखी एक गोष्ट आहे. त्या पगारावर होत्या, सोबतीनं होत्या, एकमेकींना विचारत शिकत होत्या. एकटीनं, भाकऱ्या झाल्यावर, झोप मोडून शिकायची वेळ त्यांच्यावर आली नव्हती.

म्हणून माझं म्हणणं असं, की मुलींच्या सरावाची सोय हा महिला गटांच्या कामाचा भाग व्हावा. समाजमंदिराची किंवा महिला मंडळाची खोली संध्याकाळी दोन तास मुलींसाठी ठेवावी. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर जुने संगणक स्वस्तात मिळतात. असे दोन घेऊन त्यांवर लिनक्स बसवावं, ते फुकट मिळतं. एक स्विच आणि दोन केबल जोडल्या की नेटवर्किंगचा पहिला धडा सुरू होतो. काय बिघडलं आणि कसं दुरुस्त केलं, हे प्रत्येकीनं वहीत तारीख घालून लिहावं. मुलाखतीला जाताना प्रमाणपत्राबरोबर ती वहीही न्यावी.

पण अशी खोली उघडली तरी घरातला प्रश्न सुटत नाही. ते दोन तास मुलीचे आहेत, हे घरानं मान्य करायला हवं. तेव्हा मैत्रिणींनो, 'सराव कर' असं मुलीला सांगण्याआधी तिच्या घरी जाऊन विचारू या, त्या वेळात भांडी कोण घासणार?