घटस्फोटाचा कागद कुणी जपायचा?

तुमच्या लग्नाचा दाखला कुठे ठेवला आहे हे तुम्हाला नक्की माहीत असेल. पासपोर्टच्या झेरॉक्ससोबत, प्लास्टिकच्या पाकिटात, कपाटाच्या वरच्या कप्प्यात. आता मी विचारते, घरात कुणाचा घटस्फोट झाला असेल तर त्याचा कागद कुठे आहे? "आमच्याकडे तसलं काही नाही" हे उत्तर मला पाठ आहे. असतेच. सख्ख्या बहिणीचे नसेल तर मावसबहिणीचे असते, आणि गणपतीच्या कार्यक्रमात तिच्याबद्दल "ती सध्या एकटीच आहे" एवढेच सांगितले जाते.

मी अरादला राहते. बहारीनबाहेरच्या वाचकांसाठी सांगते, मुहर्रक बेटावर, विमानतळाला लागून, जुन्या किल्ल्याभोवतीची ही वस्ती. आमच्या खालच्या मजल्यावर मराठवाड्यातली एक नर्स राहते. तिचा घटस्फोट २०११ साली एका तालुक्याच्या कोर्टात झाला. मुलगा तेव्हा वर्षाचा होता, तो आजीपाशी वाढला. गेल्या नोव्हेंबरात तिने ठरवले की एप्रिलमध्ये नववी सुरू होताना त्याला इकडे आणायचे. व्हिसासाठी दोन गोष्टी मागितल्या: घटस्फोटाचा हुकूमनामा आणि मुलाचा ताबा आईकडे असल्याचा कोर्टाचा आदेश. दोन्ही तिच्याकडे नव्हते. निकालाच्या दिवशी तिच्या वकिलांनी कोर्टाच्या आवारात "झालं बाई, सुटलीस" असे सांगितले, उरलेली फी घेतली, आणि ती एसटीने घरी गेली. हातात कागद द्यायचे कुणाच्या मनात आले नाही. मागायचा असतो हे तिला ठाऊक नव्हते.

"मागायचा असतो" हा शब्दप्रयोगच मुळात चूक आहे. हिंदू विवाह कायदा, १९५५, कलम २३, पोटकलम ४ उघडून पाहा. घटस्फोटाचा हुकूम देणाऱ्या कोर्टाने त्याची एक प्रत दोन्ही पक्षांना विनामूल्य द्यावी, असे तिथे लिहिले आहे. अर्ज केल्यास द्यावी, असे लिहिलेले नाही. हे पोटकलम १९७६ च्या दुरुस्तीने आले, म्हणजे त्याला पन्नास वर्षे होत आली. तुमच्या ओळखीत ज्यांचे घटस्फोट झाले त्यांना विचारा, किती जणांना ती फुकटची प्रत कोर्टाने आपणहून दिली. मी इथे सात जणांना विचारले. सातही जणांनी मला उलट विचारले, "असं कलम आहे?"

आता हा कागद चौदा वर्षांनी शोधायचा कसा, ते पाहा. दहा लाखांवर वस्तीच्या शहरांत कुटुंब न्यायालय असलेच पाहिजे, असे १९८४ चा कायदा सांगतो. खेड्यापाड्यांतल्या लोकांचे अर्ज मात्र वरिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशांकडे चालतात, म्हणजे जमिनीच्या वाटण्या, बांधाची भांडणे आणि वसुलीचे दावे जिथे चालतात तिथेच. गठ्ठेही तिथेच. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर प्रकरणाचा सोळा अक्षरी सीएनआर क्रमांक टाकला की माहिती मिळते, पण संगणकीकरणाच्या आधीच्या किंवा त्या धांदलीतल्या प्रकरणाचा असा क्रमांक पक्षकाराला कुणी सांगितलेलाच नसतो. मग नावाने शोधा. कुठल्या नावाने? ती पासपोर्टवर माहेरच्या नावाने आहे. कोर्टात ती नवऱ्याच्या नावाने आणि आडनावाने उभी होती, आणि कारकुनाने ते नाव इंग्रजीत स्वतःच्या मर्जीच्या स्पेलिंगने चढवले होते. शेवटी प्रतिवादीच्या नावाने शोधावे लागले. चौदा वर्षे जे नाव तिने तोंडातून काढले नव्हते, ते माझ्या लॅपटॉपवर तिने पाच वेगवेगळ्या स्पेलिंगनी टाइप केले. काही सापडले नाही.

मग फोन. इथे सुट्टी शुक्रवार-शनिवार, तिथे रविवार. बहारीनची घड्याळे अडीच तास मागे. नर्सची दिवसपाळी सोडून कोर्टाच्या वेळेत बोलायला तिला फक्त शुक्रवार मिळे. शुक्रवारी सकाळी साडेआठला, म्हणजे तिकडे अकराला, फोन लावायचा. उचलला तर "वर्ष सांगा, नंबर सांगा." नंबर असता तर फोन कशाला केला असता? भावाला पाठवले, तर त्याला परत पाठवले, कारण तो पक्षकार नाही.

यात तिथल्या कारकुनाची चूक नाही, हे मी मुद्दाम लिहिते. कलम २२ प्रमाणे वैवाहिक खटल्यांची कार्यवाही बंद दाराआड चालते आणि ती छापायला बंदी आहे. कुणाही भावाच्या हाती असे कागद जाऊ नयेत हे योग्यच. म्हणून मुखत्यारपत्र करावे लागले, दूतावासातून साक्षांकित करून पाठवावे लागले, त्यासाठी एक दिवसाची रजा आणि एक दिवसाचा पगार गेला. मग नक्कल विभागात अर्ज आणि त्यावर कोर्ट फीचे तिकीट. जुन्या नोंदवहीत २०११ ची पाने एकेक करून पाहणे, ज्यासाठी तिथल्या एका भल्या माणसाने दोन दुपारी दिल्या. नंबर सापडला. नंतर गठ्ठा सापडेपर्यंत आणखी सात आठवडे.

आणि तुम्ही म्हणाल, ज्याचा कागद त्याने जपावा. हे वाक्य मी आमच्याच मंडळींच्या तोंडून जेवणाच्या टेबलावर ऐकले आहे. बरोबर आहे, पण मग जन्माची नोंद कोण ठेवते? मृत्यूची? १९९८ च्या कायद्याने महाराष्ट्रात लग्नाचीही नोंद सरकार ठेवते, दाखला हरवला तर दुसरा मिळतो. एकट्या घटस्फोटाची पाळी आली की तुम्हाला व्यक्तीची जबाबदारी आठवते. लग्नाच्या त्या नोंदीवर "हा विवाह अमुक कोर्टाच्या हुकुमाने संपला" असा शेरा येत नाही. सरकारी वहीत ती बाई अजून विवाहितच आहे, आणि नाही हे सिद्ध करायचे काम तिचे.

हे अशक्य आहे असे नका सांगू. शेजारच्या गोव्यात पोर्तुगीजांनी १९१० साली घटस्फोटाचा कायदा आणला. तिथे लग्न नागरी नोंदणी कार्यालयात नोंदवतात आणि घटस्फोट झाला की त्याच लग्नाच्या नोंदीवर तो चढवून घेतात. एक वही, एक पान. सावंतवाडीहून पेडणे किती लांब आहे? डिजीलॉकरमध्ये गुणपत्रिका येते, गाडीचे आरसी येते. मग पक्षकाराला स्वतःच्या आधारवर, फक्त स्वतःलाच दिसेल असा स्वतःचा हुकूमनामा का येऊ नये? गुप्ततेचा प्रश्न तिथे उरतच नाही. मला वाटते यात तंत्राची अडचण नाही. हा कागद कुणाला पुन्हा लागेल, अशी कल्पनाच कुणी केली नाही. घटस्फोटित बाई माहेरी परत जाते आणि तिथेच राहते, असे धरून चालल्यासारखी ही व्यवस्था आहे. ती अरादला नोकरी करेल, दुसरे लग्न करेल, मुलाचा व्हिसा काढेल, हे तिच्या हिशेबात नाही.

एक वेगळी गोष्ट, कारण तिच्यात माणसे बुडतात. काही समाजांत पंचांसमोर काडीमोड होते, स्टॅम्पपेपरवर लिहिली जाते, नोटरीचा शिक्का बसतो. कलम २९ (२) रूढीने मिळणाऱ्या घटस्फोटाला हात लावत नाही, हे खरे. पण ती रूढी आहे हे सिद्ध करावे लागते, आणि परदेशातल्या कचेरीपुढे नोटरीचा शिक्का चालत नाही. तुमचा कागद असा असेल तर व्हिसाची घाई व्हायच्या आधी कोर्टातून तसा जाहीरनामा, म्हणजे डिक्लरेशन, मागा. त्याला वर्ष लागू शकते. आणि "डायव्होर्स सर्टिफिकेट पंधरा दिवसांत" म्हणणाऱ्या एजंटाला पैसे देऊ नका. हिंदू विवाह कायद्यात घटस्फोटाचे वेगळे सर्टिफिकेट अशी वस्तूच नाही, कोर्टाचा हुकूमनामा हाच पुरावा. आमच्या इथल्या एकाने असे सर्टिफिकेट विकत घेतले होते. त्यावर अशोकस्तंभ होता, एवढेच.

तेव्हा तुमच्या घरात सध्या एखादे प्रकरण चालू असेल, तर लाज बाजूला ठेवून आज फोन करा आणि सांगा: निकालाच्या दिवशी कलम २३ (४) खालची प्रत मागून घे. शिवाय निकालपत्र आणि हुकूमनामा या दोन्हींच्या साक्षांकित नकला काढ, ते दोन वेगळे कागद आहेत. परस्परसंमतीने झाले असेल तर सहमतीच्या अटींचीही नक्कल घे, कारण मुलाच्या ताब्याचे बहुधा तिथेच लिहिलेले असते. अपिलाची मुदत संपल्यावर अपील झाले नसल्याचे लेखी घे. वकिलाला सीएनआर क्रमांक विचार आणि तो आईच्या, भावाच्या, तुझ्या अशा तीन फोनमध्ये ठेव. नक्कल आली की अपॉस्टिल करून घे. भारत त्या करारात २००५ पासून आहे, बहारीन २०१३ च्या अखेरीपासून. परराष्ट्र मंत्रालयाची त्याची फी पन्नास रुपये आहे, बाकीचे सगळे मधल्यांचे. त्याआधी राज्य सरकारचे साक्षांकन लागते, तेवढे लक्षात ठेव.

हे सांगताना "अगं, शुभ बोल" असे कुणी म्हणेल. म्हणू दे. आपल्याकडे रखमाबाईंचा १८८५ चा खटला आजही नावानिशी वाचायला मिळतो. तो कायद्याच्या अहवालांत छापला गेला, त्यावर पुस्तके झाली, आपण भाषणे देतो. खालच्या मजल्यावरच्या बाईचा हुकूमनामा चौदा वर्षांत गठ्ठ्याबाहेर आला नाही, त्यावर भाषण होत नाही. परदेशातली आपली मंडळे दरवर्षी दिवाळी पहाटेला वर्गणी गोळा करतात. त्यातूनच तालुक्याच्या कोर्टातले नकलेचे काम माहीत असलेला एक वकील वर्षातून दोनदा ऑनलाइन बसवता येईल. मी आमच्याकडे हे सुचवले. "विषय जरा वैयक्तिक आहे" असे उत्तर मिळाले. आयकर विवरणावरचे व्याख्यान मात्र दरवर्षी होते, ते बहुधा सार्वजनिक असावे.

तिची नक्कल जूनमध्ये आली. हुकूमनाम्यात मुलाचा ताबा आईकडे, अगदी स्पष्ट, एका ओळीत. इथल्या भारतीय शाळा एप्रिलमध्ये सुरू होतात. नववीत प्रवेश हुकला, आणि थेट दहावीत कुणी घेत नाही. मुलगा दहावी आजीकडेच करणार आहे. शुक्रवारी सकाळी साडेआठला ती अजून तिकडे फोन लावते, आता घरी.