मनाविना मनुष्यबळ

बारावीचे निकाल लागले की आपल्या घराघरांतून प्रवेशांची चर्चा सुरू होते. मुलगा अभियांत्रिकीला जाणार असेल तर प्रश्न फक्त महाविद्यालयाचा उरतो. परंतु घरातील मुलीने ‘मला मानसशास्त्र घ्यायचे आहे’ असे म्हटले की बैठकीच्या खोलीत क्षणभर शांतता पसरते. ‘ते वेड्यांच्या डॉक्टरांचे शास्त्र ना?’ असे कोणी आजी विचारतात. मग एखादे काका व्यवहाराचा सल्ला देतात, ‘त्यापेक्षा एचआर कर, पुढे एमबीए कर. निदान नोकरी तरी लागेल.’ मानसशास्त्र हळव्यांसाठी आणि मनुष्यबळ व्यवस्थापन हुशारांसाठी, अशी ही वाटणी आहे. ती अज्ञानातून आलेली आहे हे काकांच्या बाबतीत क्षम्य मानता येईल. आमची विद्यापीठेही तीच वाटणी शिरोधार्य मानून चालतात, त्याचे काय करायचे?

या दोन विषयांची फारकत मुळात नव्हतीच. औद्योगिक मानसशास्त्राच्या जनकांपैकी एक, हार्वर्डचे ह्यूगो म्युन्स्टरबर्ग, यांचा मानसशास्त्र आणि औद्योगिक कार्यक्षमता या विषयावरील ग्रंथ इंग्रजीत 1913 साली आला. त्यांच्याच हाताखाली शिकलेले नरेंद्रनाथ सेनगुप्त मायदेशी परतले आणि 1916 साली कलकत्ता विद्यापीठात प्रायोगिक मानसशास्त्राचा स्वतंत्र विभाग त्यांच्याकडे आला. म्हणजे या देशातील मानसशास्त्राचा पहिला विभाग चालविणारा माणूस कारखान्यातील माणसाचा अभ्यास करणाऱ्या गुरूचा शिष्य होता! आज त्या गुरूचे नाव मानसशास्त्राच्या विद्यार्थ्याला एका टिपेपुरते आणि एमबीएच्या विद्यार्थ्याला तेवढेही ठाऊक नसते.

दुसरे उदाहरण आपल्या शेजारच्या राज्यातील आहे आणि ते प्रत्येक व्यवस्थापन महाविद्यालयाच्या भिंतीवर लावण्याजोगे आहे. अहमदाबादच्या कॅलिको गिरणीत स्वयंचलित माग आले, पण उत्पादन अपेक्षेप्रमाणे वाढेना आणि कापडात दोष राहू लागले. गिरणीतील सर्वसामान्य निदान ठरलेले असते, ‘कामगार आळशी आहे.’ लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राइस यांनी 1953 साली वेगळे निदान केले. नव्या यंत्रांबरोबर विणकामाचे इतके तुकडे पाडले गेले होते की, कोणत्या मागाला कोण बांधील आणि कोण कोणाचा सोबती, हेच स्पष्ट राहिले नव्हते. राइस यांनी सुचविले की, कामगारांच्या छोट्या तुकड्या कराव्यात आणि ठरावीक मागांची संपूर्ण जबाबदारी एकेका तुकडीवर सोपवावी. ही कल्पना कामगारांनी स्वतःच उचलून धरली, आपसांत तुकड्या बांधल्या. उत्पादन वाढले, खराब कापड घटले. ना यंत्र बदलले होते, ना माणसे. माणसांची एकमेकांशी असलेली बांधणी बदलली होती. हे मानसशास्त्र की मनुष्यबळ व्यवस्थापन? ज्याला हा प्रश्नच निरर्थक वाटेल, तोच या क्षेत्रात काम करण्यास लायक होय.

1975 साली लार्सन अँड टुब्रोमध्ये मानवी संसाधन विकासाचा स्वतंत्र विभाग उभा राहिला, तो उदय पारीक आणि टी. व्ही. राव यांनी आखलेल्या योजनेवर. दोघेही मानसशास्त्राचेच अभ्यासक. अहमदाबादच्या व्यवस्थापन संस्थेच्या उभारणीत ज्यांचा मोठा वाटा होता त्या कमला चौधरी याही मानसशास्त्रज्ञच. मग पुढे काय बिनसले? शब्दच बदलले. आधी कामगार कल्याण अधिकारी होता, 1948 च्या कारखाना कायद्याने 500 वा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात तो सक्तीचा केला होता. त्याचा कार्मिक व्यवस्थापक झाला आणि शेवटी ‘ह्यूमन रिसोर्स’ आले. कोळसा, पाणी, वीज, माणूस! दिल्लीने तर 1985 साली अख्ख्या शिक्षण मंत्रालयालाच मानव संसाधन विकास मंत्रालय असे नाव देऊन टाकले. मुलांना शिकवायचे की संसाधन म्हणून घडवायचे, हा प्रश्न पस्तीस वर्षे कोणाला पडला नाही. 2020 साली जुने नाव परत आले, हे योग्यच झाले. परंतु पाटी बदलल्याने अभ्यासक्रम बदलत नसतो.

त्या अभ्यासक्रमात मन किती येते? ‘संघटनात्मक वर्तन’ नावाच्या एका विषयात कोंबलेली चार प्रकरणे. त्यात मॅस्लोचा त्रिकोण हमखास असतो. मॅस्लोने 1943 साली जो निबंध लिहिला त्यात त्रिकोण नाहीच, तो नंतर इतरांनी काढला. पण आमचे विद्यार्थी तो परीक्षेत पट्टीने आखतात आणि गुण मिळवितात. त्यानंतर हर्झबर्ग. त्यांचा 1959 साली प्रसिद्ध झालेला प्रेरणेचा सिद्धांत उभा आहे तो अमेरिकेतील पिट्सबर्ग परिसरातल्या सुमारे दोनशे अभियंते आणि लेखापालांच्या मुलाखतींवर. तो चिंचवडच्या जोडारीला, इचलकरंजीच्या यंत्रमाग कामगाराला आणि हिंजवडीच्या संगणक अभियंत्याला सरसकट लागू होतो, असे गृहीत धरण्याचा अधिकार आम्हाला कोणी दिला? परकीय म्हणून तो चुकीचा, असे आमचे म्हणणे नाही. तपासला नाही म्हणून तो कच्चा, इतकेच म्हणणे आहे.

तपासणे म्हणजे काय, हे आपल्याकडील लोकांनी करून दाखविलेले आहे. व्ही. व्ही. कामत यांनी बिने यांची बुद्धिमापन कसोटी जशीच्या तशी न उचलता मराठी आणि कानडी मुलांवर वर्षानुवर्षे पारखून तिचे भारतीय रूप सिद्ध केले. त्यांचा ग्रंथ 1940 चा आहे. पुण्यात 1962 साली ज्ञान प्रबोधिनी उभी करणारे डॉ. आप्पा पेंडसे मानसशास्त्राचेच अभ्यासक होते आणि बुद्धिमापनाचे शास्त्र त्यांनी प्रत्यक्ष शिक्षणाच्या कामाला जुंपले. सैन्याचेही तसेच. 1943 पासून आपल्या लष्करात अधिकारी निवडीसाठी मानसशास्त्रीय चाचण्या, गटकार्ये आणि मुलाखत यांची सांगड घातली जाते. ज्याच्या हाती जवानांचे प्राण सोपवायचे त्याची निवड अर्ध्या तासाच्या गप्पांवर करता येत नाही, हे सैन्याला कळले. आमच्या कंपन्यांना अजून कळायचे आहे.

कंपन्यांत काय चालते ते कार्यालयात जाणाऱ्या वाचकांना सांगावयास नकोच. मायर्स-ब्रिग्ज नावाची एक प्रश्नावली भरून घेतात आणि माणसाला सोळांपैकी एका खणात बसवितात. ती बनविणाऱ्या मायलेकी, कॅथरिन ब्रिग्ज आणि इझाबेल मायर्स, मानसशास्त्र शिकलेल्या नव्हत्या. काही आठवड्यांनी तीच प्रश्नावली पुन्हा भरली तर अनेकांचा खण बदलतो. ती विकणारी कंपनीसुद्धा म्हणते की, भरतीसाठी ती वापरू नये! तरीही वापर चालू. त्याच्या जोडीला ‘माणूस दारातून आत आला की मी ओळखतो’ असे सांगणारे मुलाखतकार आहेतच. सर्व उमेदवारांना तेच प्रश्न, आधी ठरविलेल्या निकषांवर गुण, अशी आखीव मुलाखत ही मोकळ्या गप्पांपेक्षा अधिक भरवशाची असते, हे संशोधनाने अनेक दशके सांगितले आहे. ज्याने मानसशास्त्र शिकलेच नाही त्याला हे ठाऊक असण्याचे कारण नाही. आणि या अज्ञानाची किंमत कोण मोजतो? जिल्ह्याच्या गावाहून आलेला, इंग्रजी अडखळत बोलणारा, पण कामाला चोख असलेला आमचा मुलगा.

येथे आपल्याच मंडळींना दोन शब्द ऐकविणे भाग आहे. गीतेतील एक श्लोक सादरीकरणाच्या पहिल्या पानावर चिकटविला म्हणजे भारतीय व्यवस्थापन होत नाही. ‘आमच्याकडे हे सर्व होतेच’ असे म्हणून टाळ्या घेणे सोपे असते. पाटण्याचे जे. बी. पी. सिन्हा यांनी ते केले नाही. भारतीय हाताखालचा माणूस वरिष्ठाकडून जिव्हाळ्याची अपेक्षा करतो, हे त्यांनी पाहिले आणि तो जिव्हाळा कामाशी बांधला तर नेतृत्व कसे फळते, हे अभ्यासून 1980 साली ग्रंथरूपाने मांडले. स्वदेशी विद्या अशी कष्टाने उभी राहते.

मानसशास्त्रवाल्यांनीही फार हुरळून जाऊ नये. संख्याशास्त्राची पाने उलटूनही न पाहता पदवी घ्यायची आणि समुपदेशक म्हणून पाटी लावायची, ही वृत्ती वाढते आहे. बी. ए.ने कोणी समुपदेशक होत नाही. शिवाय कारखान्यातील मन हे वेतन, पाळी, बोनस आणि कायदा यांच्यापासून सुटे नसते. 29 कामगार कायद्यांच्या जागी चार संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाल्या. त्या वाचल्याशिवाय कामगाराच्या मनःशांतीवर व्याख्यान देणारा माणूस उपयोगाचा नाही. बारा-बारा तास राबवून घ्यायचे आणि शनिवारी प्राणायामाचा वर्ग ठेवायचा, असा प्रकार जेथे चालतो तेथे योगाचीही अवहेलना होते आणि माणसाचीही. दोष कामाच्या रचनेत असताना औषध कामगाराच्या श्वासावर कशाला?

दोन्ही विषय एकत्र शिकण्यात एक खरी अडचणही आहे आणि ती लपविण्यात अर्थ नाही. मानसशास्त्राचा पहिला धर्म गोपनीयता. मनुष्यबळ अधिकारी वेतन घेतो ते मात्र व्यवस्थापनाचे. एखाद्या कर्मचाऱ्याने विश्वासाने सांगितलेले दुःख बढतीच्या यादीपर्यंत पोहोचू द्यायचे का? दोन्ही शास्त्रे शिकलेल्यालाच हा पेच दिसतो. ज्याला तो दिसत नाही, तो निर्धास्तपणे चुगली करीत राहतो. हा पेच वर्गात शिकविला गेला पाहिजे, परीक्षेत विचारला गेला पाहिजे.

2020 च्या शिक्षण धोरणाने मुख्य विषयासोबत दुसऱ्या विद्याशाखेतील गौण विषय घेण्याची वाट मोकळी केली. कागदावर आता मानसशास्त्र मुख्य आणि मनुष्यबळ व्यवस्थापन गौण, अशी जोडी शक्य आहे. प्रत्यक्षात मानसशास्त्र कला शाखेच्या इमारतीत आणि व्यवस्थापन दुसऱ्या. बीबीए 2024 पासून तंत्रशिक्षण परिषदेच्या छत्राखाली गेले, त्याची प्रवेश परीक्षा वेगळी. दोन विभागांच्या प्राध्यापकांनी एकत्र बसून जोडीचा अभ्यासक्रम आखलेला नसेल, तर विद्यार्थी दोन डबे घेऊन फिरणार, जेवण एकही पूर्ण नाही.

म्हणून येत्या प्रवेशाच्या वेळी पालकांनी शुल्काची चौकशी करून थांबू नये. मानसशास्त्राची प्रयोगशाळा आहे का आणि ती उघडी असते का, संख्याशास्त्र कोण शिकवितो, मराठीत प्रमाणित केलेल्या किती चाचण्या कपाटात आहेत, मुलांना महिनाभर कारखान्यात पाठविता का आणि तेथे त्यांना कामगारांशी बोलू देता की हजेरीपुस्तक भरायला बसविता, हे प्राचार्यांना समोर बसून विचारावे. उत्तर गुळमुळीत आले तर दुसरे महाविद्यालय शोधावे.