पाच हजार डॉलरचा पंखा: स्पीडबोटचे प्रोपेलर एकमेकांशी तोलायचे कसे?

यूट्यूबवर किंवा रील्समध्ये तो प्रोपेलर तुमच्यासमोरून कधीतरी गेलाच असेल. नेहमीची सुटी पाती नाहीत. धातूची पट्टी वळवून तिचं टोक परत मधल्या दांड्याला जोडावं, तशा कड्या दिसतात. सोबत जोरदार म्युझिक आणि स्क्रीनवर ठळक अक्षरात तीस टक्के इंधन बचतीचा आकडा. हा शॅरो प्रोपेलर. अमेरिकेत एका आउटबोर्ड इंजिनासाठी त्याची किंमत साधारण ५,००० डॉलर, म्हणजे चार लाख रुपयांच्या वर. तिथेच चांगल्या कंपनीचा स्टेनलेस स्टीलचा प्रोपेलर ५०० ते १,००० डॉलरमध्ये येतो.

मग एवढे पैसे घालावेत का? अमेरिकेत वेगवान बोटी बाळगणारे लोक गेली काही वर्षं यावर भरपूर वाद घालतायत. मला त्या प्रोपेलरपेक्षा वादातल्या आकड्यांमध्ये जास्त रस आहे, कारण आपण फोनचे बेंचमार्क ज्या चुकीच्या पद्धतीने वाचतो, अगदी त्याच पद्धतीने तिकडे प्रोपेलरच्या टेस्ट वाचल्या जातात. सगळ्यात मोठा आकडा बघायचा आणि पुढे जायचं. खरी माहिती मात्र त्याच टेस्टच्या मधल्या ओळींमध्ये पडलेली असते.

आधी थोडं गणित

आपल्याकडे कोकणात बोटीवरची माणसं प्रोपेलरला सरळ पंखा म्हणतात. या पंख्यावर दोन आकडे कोरलेले असतात, समजा १४.५ × २५. पहिला व्यास, दुसरा पिच, दोन्ही इंचात. पिच म्हणजे काय? लाकडात स्क्रू फिरवला की तो प्रत्येक फेऱ्याला ठरावीक अंतर आत जातो. पाणी लाकडासारखं घट्ट असतं, तर हा पंखा एका फेऱ्यात २५ इंच पुढे गेला असता. पण पाणी मागे सरकतं, त्यामुळे तो तेवढा जात नाही. ही जी तूट राहते तिला स्लिप म्हणतात.

मोजायला सोपं आहे. इंजिनाचे आरपीएम गुणिले पिच, त्याला गिअर रेशो आणि १,०५६ यांच्या गुणाकाराने भागा. ताशी मैलात उत्तर येतं. समजा इंजिन ६,००० आरपीएमवर आहे, गिअर रेशो १.७५ आणि पिच २५. कागदावरचा वेग आला ८१ मैल. जीपीएसने दाखवले ७२. म्हणजे स्लिप साधारण ११ टक्के. हलक्या, वेगवान बोटींवर ५ ते १५ टक्के स्लिप नेहमीची.

इथेच पहिली गडबड होते. बरेच लोक कमी स्लिप म्हणजे चांगला प्रोपेलर असं धरून चालतात. पण पाती रुंद केली की पकड वाढते आणि स्लिप कमी होते, त्याच वेळी पाण्यातून ती रुंद पाती ओढत न्यायला ताकदही जास्त लागते. स्लिप कमी आणि बोट मात्र हळू, असंही होऊ शकतं. कार्यक्षमता बघायची तर एका गॅलनमध्ये बोट किती मैल गेली ते बघा. शिवाय पात्याच्या मागच्या कडेला जो बारीकसा वळसा देतात, ज्याला कप म्हणतात, त्याने खरा पिच छापलेल्या पिचपेक्षा जास्त भरतो. कधीकधी गणितात स्लिप शून्याच्याही खाली येते ती यामुळेच, किंवा मग आरपीएमचा काटा चुकीचा असतो. प्रोपेलर पाण्याला फसवत नाही.

एकच मॉडेल, तरी दोन वेगळे पंखे

या सगळ्याचं वेड सगळ्यात जास्त दिसतं ते बास बोटींच्या जगात. बास नावाचा मासा गळाने पकडण्याच्या तिकडे मोठ्या व्यावसायिक स्पर्धा होतात, आणि बासमास्टरच्या स्पर्धेत इंजिनाला २५० हॉर्सपॉवरची मर्यादा आहे. सकाळी सगळ्यांच्या आधी आपल्या आवडत्या जागी पोचायचं, पण इंजिन मोठं लावता येत नाही. मग उरतो पंखा. मर्क्युरीचा तीन पात्यांचा फ्युरी लावायचा की चार पात्यांचा ब्राव्हो वन, यावर तिथे तासन् तास चर्चा रंगते. साधारण अनुभव असा की तीन पाती असली की पाण्यातला विरोध कमी, म्हणून टॉप स्पीड बरा. चार पाती असली की पकड जास्त, बोट लवकर उचलते, वळणावर सुटत नाही आणि लाटांमध्ये स्थिर राहते.

पण 'साधारण' हा शब्द इथे महत्त्वाचा, कारण ऐकीव तुलनेत कितीतरी गोष्टी सांगायच्या राहून जातात. इंजिन बोटीच्या मागे किती उंचीवर बसवलंय? वर-खाली करता येणाऱ्या जॅकप्लेटवर अर्धा इंच फरक केला तरी निकाल बदलतो. टाकीत इंधन किती, माणसं किती, पाणी अगदी सपाट होतं की थोडं खळबळलेलं? थोडी खळबळ उलट मदतच करते, बोट पाण्याला कमी चिकटते. मर्क्युरीच्या बऱ्याच प्रोपेलरमध्ये मधल्या नळीला भोकं असतात आणि त्यात बसवायचे प्लग मिळतात. भोक उघडं असेल तर सुरुवातीला एक्झॉस्टचा वायू पात्यांकडे येतो, पंखा मुद्दाम थोडा घसरतो आणि इंजिन पटकन आरपीएम पकडतं. म्हणजे कोणते प्लग होते हे सांगितल्याशिवाय 'माझी बोट चार सेकंदांत उचलली' या वाक्याला फारसा अर्थ नाही.

आणि सगळ्यात गमतीचा भाग. साच्यात ओतलेले दोन प्रोपेलर, नाव तेच, पिच तोच, तरी तंतोतंत सारखे नसतात. म्हणूनच मर्क्युरी रेसिंग काही मॉडेलना 'लॅब फिनिश' करून विकते, म्हणजे पाती हाताने घासून, पातळ करून, मोजून एकसारखी केलेली. लुइझियानामधल्या श्रेव्हपोर्टची पॉवरटेकसारखी कंपनी आहे, आणि त्याशिवाय गावोगावचे प्रोपेलर दुरुस्त करणारे कारागीर आहेत, जे कप वाढवून देतात, पिच थोडा उतरवून देतात. असा हात फिरलेला पंखा लावून कोणी आकडा सांगत असेल आणि तुम्ही दुकानातला तोच मॉडेल नंबर मागवलात, तर हाती येईल ती दुसरीच वस्तू. आमच्या भाषेत सांगायचं तर कस्टम रॉम टाकलेल्या फोनचा स्कोअर बघून साधा फोन विकत घेण्यासारखं आहे हे.

यातल्या त्यात प्रामाणिक तुलना कशी दिसते? एकच बोट, एकच दिवस, तेवढंच इंधन, तीच माणसं. प्रत्येक प्रोपेलरसाठी इंजिनाची उंची नव्याने जुळवलेली, वारा आणि प्रवाह कटावा म्हणून दोन्ही दिशांना फेरी, आणि फक्त टॉप स्पीड न देता दर ५०० आरपीएमला वेग आणि इंधन. यामाहाच्या परफॉर्मन्स बुलेटिनमध्ये हा तक्ता मिळतो, सोबत बोटीचं वजन आणि गिअर रेशोही. अर्थात ते कंपनीचे स्वतःचे आकडे, बोट सहसा हलकी ठेवलेली. पण निदान काय धरलं ते लिहिलेलं तरी असतं.

आता त्या कड्यांकडे

ग्रेग शॅरो हा मूळ बोटवाला माणूसच नव्हे. ड्रोनने कार्यक्रमाचं शूटिंग करायचं तर त्याचा आवाज फार, म्हणून शांत पंखा शोधता शोधता तो या आकारापर्यंत आला. साध्या पात्याच्या एका बाजूला दाब जास्त, दुसऱ्या बाजूला कमी. जास्त दाबाकडचं पाणी टोकावरून पलीकडे पळतं आणि तिथे भोवरा तयार होतो. या भोवऱ्यात ताकद वाया जाते. शिवाय त्याच्या मध्यभागी दाब इतका उतरतो की गार पाण्याचीही वाफ होऊन बुडबुडे धरतात आणि ते फुटताना धातू कुरतडतात. शॅरोने टोकच काढून टाकलं. पातं वळून परत आलं, मग भोवऱ्याला एकवटायला जागा उरली नाही.

याच सुमारास एमआयटीच्या लिंकन लॅबोरेटरीचा ड्रोनसाठीचा तसाच कडीचा पंखा चर्चेत आला, २०२२ मध्ये त्याला आर अँड डी १०० पुरस्कारही मिळाला, आणि पुढच्या वर्षी थ्रीडी प्रिंटर असलेल्या प्रत्येकाने घरी एक छापून बघितला. बहुतेकांचा फसला. आकार वळवून भागत नाही, प्रत्येक कोन त्या वेगाला आणि त्या भाराला बेतावा लागतो.

बोटीवर मात्र शॅरो चालतो, यात मला शंका वाटत नाही. ज्या यामाहाचे स्वतःचे प्रोपेलर बाजारात आहेत, तिने अमेरिकेत शॅरोशी हातमिळवणी केली ती उगाच नाही. प्रश्न आहे फायदा कुठे होतो हा. तो मधल्या आरपीएमवर होतो: बोट लवकर उचलते, कमी वेगातही पाण्यावर तरंगत राहते, आवाज आणि थरथर कमी. पूर्ण थ्रॉटलवर तो बहुतेकदा चांगल्या पारंपरिक पंख्याच्या आसपास येतो, कधी मागेही पडतो. म्हणून एकाच टेस्टवरून दोन माणसं भांडतात आणि दोघंही खरं बोलत असतात. एक शेवटची ओळ वाचतोय, दुसरा मधली.

आता पैशांचं. समजा तुमची बोट नेहमीच्या वेगात तासाला १० गॅलन, म्हणजे ३८ लिटर पेट्रोल पिते. १५ टक्के बचत धरली तर दीड गॅलन. गॅलनला ४ डॉलर धरा, तासाला ६ डॉलर वाचले. साध्या स्टेनलेसला ८०० डॉलर लागले असते, म्हणजे जादा गेले ४,२००. ते वसूल व्हायला ७०० तास. जाहिरातीतले पूर्ण ३० टक्के प्रत्येक तासाला मिळाले असं मानलं तरी ३५०. वर्षाला ७०-८० तास बोट काढणाऱ्या हौशी माणसाला १५ टक्क्यांच्या हिशेबाने हे नऊ-दहा वर्षांचं काम. त्यात कधीतरी एक खडक लागणारच. साधं पातं वाकलं तर कारागीर ठोकून देतो, कडीचं तसं नाही. रोज पर्यटक घेऊन जाणाऱ्या चार्टरवाल्याचे मात्र ७०० तास एका वर्षात भरू शकतात.

टॉप स्पीडच्या मागे लागणाऱ्यांनी हा प्रोपेलर घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. त्या पैशात जॅकप्लेट, दोन वेगळ्या पिचचे चांगले पंखे आणि ते जुळवून देणाऱ्या कारागिराची मजुरी, एवढं सगळं येईल, आणि वेगही जास्त मिळेल.

अजून एक गोष्ट, जी टेस्टच्या व्हिडिओत सहसा कापलेली असते. ताशी ११५ किलोमीटरवर बोट फक्त शेपटाकडचा थोडा भाग टेकवून पळते, आणि पंख्याने अचानक हवा धरली तर ती कुठेही वळू शकते. अमेरिकेत १ एप्रिल २०२१ पासून २६ फुटांखालच्या बोटींवर चालकाने इंजिन बंद करणारी दोरी अंगाला अडकवणं कायद्याने बंधनकारक आहे. चाचणीसाठी मोकळं पाणी का लागतं, हे आपल्याला वेगळं सांगायला नको: १८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबईजवळ इंजिनाची चाचणी सुरू असलेली नौदलाची स्पीडबोट एलिफंटाला निघालेल्या नीलकमल या प्रवासी बोटीवर आदळली होती.

मालवण-तारकर्लीला पर्यटकांना फिरवणाऱ्या आउटबोर्ड बोटी बघितल्या तर त्यांचं काम चार्टरवाल्याच्याच जातीचं आहे. भरलेली बोट, मधला वेग, दिवसातून अनेक फेऱ्या, आणि पावसाळ्यात सगळं बंद. तिथे कोणी हा हिशेब मांडायला बसलं, तर तक्त्यातली ३,००० ते ४,००० आरपीएमची ओळ आधी बघावी, आणि भागाकारात पावसाळ्याचे महिने वगळूनच तास धरावेत.