अन्नपूर्णेच्या ताटात काय आहे?

महाराष्ट्रातील अनेक घरांतून लेक सासरी जाताना अन्नपूर्णेची मूर्ती बरोबर नेते. हाती पळी घेतलेली ती लहानशी पितळी मूर्ती सासरच्या देवघरात विराजमान होते आणि दुसऱ्या दिवसापासून घरातील जिवंत अन्नपूर्णा स्वयंपाकघराचा ताबा घेते. देवघरातील अन्नपूर्णेला नैवेद्य सर्वांच्या आधी दाखविला जातो. स्वयंपाकघरातील अन्नपूर्णेचे ताट मात्र सर्वांच्या शेवटी वाढले जाते. त्या ताटात बहुधा काय असते? पातेल्याच्या तळाशी उरलेली भाजी, सकाळची पोळी आणि 'आता एवढ्यासाठी काय टाकायचे' म्हणून संपविलेला कालचा भात. आपण या सवयीला त्याग म्हणतो, तिचे कौतुकही करतो. या कौतुकाची किंमत काय, याचा विचार करण्याची वेळ आता आली आहे.

२०१९-२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील १५ ते ४९ या वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय होता. त्याच वयोगटातील पुरुषांमध्ये हे प्रमाण २५ टक्के होते. महाराष्ट्रात २०१५-१६च्या सर्वेक्षणात ४८ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या होत्या. पुढील सर्वेक्षणात तो आकडा ५४ टक्क्यांवर गेला. म्हणजे हा प्रश्न केवळ मेळघाटातील पाड्यांचा नाही. तो आपल्या सोसायटीतील, आपल्या आळीतील आणि कदाचित आपल्या घरातीलही आहे.

मासिक पाळी, गर्भारपण आणि बाळंतपण यांमुळे स्त्रीची लोहाची गरज निसर्गतःच अधिक असते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२०मध्ये प्रौढ स्त्रीसाठी दिवसाला २९ मिलिग्रॅम, तर पुरुषासाठी १९ मिलिग्रॅम लोहाची शिफारस केली. जिची गरज दीडपट, तिच्याच वाट्याला उरलेसुरले, हा हिशेब कोणत्याही कसोटीवर न्याय्य ठरत नाही.

रक्तक्षय आरडाओरडा करीत येत नाही. जिना चढताना दम लागतो, दुपारनंतर अंगात त्राण राहत नाही, केस गळतात, चिडचिड वाढते. घरातले म्हणतात, "हल्ली हिचा स्वभाव बदलला आहे." ती स्वतः म्हणते, "वयोमानाने व्हायचेच." वास्तविक स्वभाव बदललेला नसतो, रक्त कमी झालेले असते. गर्भवती नसलेल्या स्त्रीच्या रक्तात हिमोग्लोबिन किमान १२ ग्रॅम असावयास हवे. परिचयातील एका वहिनींना नवरात्राच्या सातव्या दिवशी आरतीच्या वेळी घेरी आली. तपासणीत आकडा निघाला ७.८. उपवास हे केवळ निमित्त होते. दुखणे कितीतरी दिवसांचे होते. घरातील मोटारीचे 'सर्व्हिसिंग' कधी करायचे, हे त्या घरात सर्वांना ठाऊक होते. गृहिणीचे रक्त यापूर्वी कधी तपासले होते, हे मात्र कोणालाही आठवेना.

उपाय अवघड नाहीत आणि महागही नाहीत. बाजरीची भाकरी, हिरव्या पालेभाज्या, मोड आलेली कडधान्ये, तीळ आणि अहाळीव हे सारे आपल्याच स्वयंपाकघरातले आहे. बाळंतिणीला अहाळिवाचे लाडू देणाऱ्या आपल्या आज्यांना लोहाचे रसायनशास्त्र ठाऊक नसेल, पण अनुभव होता. मात्र तो लाडू केवळ बाळंतपणापुरता का असावा? जेवणात लिंबू, आवळा किंवा पेरू असला की अन्नातील लोह शरीरात अधिक शोषले जाते. जेवणालगत घेतलेला चहा नेमके उलटे करतो. म्हणून चहा आणि जेवण यांत तासाभराचे अंतर ठेवावे. लोखंडी कढई माळ्यावरून खाली काढावी. उपवास श्रद्धेने अवश्य करावा, परंतु साबुदाण्यात पिष्टाखेरीज फारसे काही नसते. राजगिरा, शेंगदाणे, दूध आणि फळे यांनी उपवास मोडत नाही आणि शरीरही मोडत नाही. गर्भवतीने, औषध सुरू असणाऱ्या वा आधीच अशक्त असणाऱ्या स्त्रीने कडक उपवास न केल्याने कोणतीही देवी कोपत नाही.

आहाराइतकाच महत्त्वाचा आहे संकोच सोडणे. रक्तस्राव सात दिवसांहून अधिक चालत असेल, दर पाळीला अंथरूण धरावे लागत असेल, किंवा पाळी कायमची थांबल्यानंतर पुन्हा रक्त दिसले, तर 'हे बायकांचे असायचेच' म्हणून गप्प बसू नये. तिशीनंतर गर्भाशयमुखाची आणि स्तनांची तपासणी ठरावीक काळाने करून घ्यावी. स्तनात गाठ जाणवली तर एक आठवडाही दवडू नये. चाळिशीनंतर हाडे ठिसूळ होऊ लागतात. त्यासाठी रोज अर्धा तास भरभर चालणे, सूर्यनमस्कार आणि थोडे ऊन एवढे तरी हवेच. 'दिवसभर घरात राबते, तोच व्यायाम' हा समज सोडावा. राबण्याने थकवा येतो. व्यायामाने बळ येते.

येथे एक प्रश्न कुटुंबातील पुरुषांना विचारावासा वाटतो. ही अर्ध्या तासाची सवड तिला मिळणार कोठून? केंद्र सरकारच्या २०२४च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यात दिवसाचे सरासरी २८९ मिनिटे घालवितात. घरकामात भाग घेणारे पुरुष ८८ मिनिटे. 'स्वतःकडे लक्ष दे' असा उपदेश करून पुन्हा वर्तमानपत्रात डोके घालणे, हा उपदेश नव्हे, उपहास आहे. आपल्यासारख्या सामाजिक कामात असणाऱ्यांच्या घरी तर अवेळी येणारे चार पाहुणे ही नित्याची गोष्ट. त्यांचे आतिथ्य आपण अभिमानाने सांगतो. त्या रात्री गृहिणीसाठी भाजी उरली होती का, हे आपण कधी पाहिले आहे काय?

काहीजणांना भीती वाटते की, स्त्री स्वतःचा विचार करू लागली तर कुटुंब विस्कटेल. ही भीती निराधार आहे. शरीर हे धर्माचरणाचे पहिले साधन, ही आपल्याकडची जुनी शिकवण. तिच्यात स्त्रीचे शरीर वगळलेले नाही. डॉ. आनंदीबाई जोशी १८८६मध्ये अमेरिकेतून डॉक्टर होऊन परतल्या. आपल्या भगिनींना परक्या पुरुषापुढे दुखणे सांगता येत नाही, ही त्यांची तळमळ होती. १८८७मध्ये वयाची बावीस वर्षेही पूर्ण होण्याआधी क्षयाने त्या गेल्या. आज डॉक्टर स्त्रिया गावोगावी आहेत, तपासण्या सरकारी रुग्णालयांत उपलब्ध आहेत. उणीव आहे ती केवळ आपल्या मनाच्या तयारीची.

तेव्हा आरंभ आजच्या रात्रीपासूनच करावा. घरातील सर्वांची ताटे एकदम वाढावीत, वाढण्याचे काम सर्वांनी वाटून घ्यावे आणि जिने स्वयंपाक केला तिनेही गरम पोळी खावी. या महिन्यात घरातील प्रत्येक स्त्रीचे हिमोग्लोबिन तपासून तो आकडा घरच्या दिनदर्शिकेवर लिहावा. देवघरातील अन्नपूर्णेला नैवेद्य दाखविताना स्वयंपाकघरातील अन्नपूर्णा उपाशी नाही ना, एवढे पाहिले, तरी ती पूजा पूर्ण झाली असे समजावे.