कोळीवाड्याचें पंचांग

श्रावणी पौर्णिमा आली म्हणजे आपल्या घरांतून काय काय होतें, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. पुरुषमंडळी जानवीं बदलतात, बहिणी भावांस राखी बांधतात, आणि स्वयंपाकघरांतून लवंगांचा व गुळाचा वास सुटला कीं मुलें पानावर बसण्याची घाई करूं लागतात. त्याच दिवशीं कोळी लोक समुद्रास नारळ अर्पण करतात, एवढेंही आपणांस ठाऊक असतें. शाळेंत त्यावर निबंध लिहिलेला असतो. परंतु त्याच दिवशीं कां, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. त्याचें उत्तर आपल्याच भिंतीवर टांगलेल्या पंचांगांत आहे. मात्र तें वाचण्याची कोळ्यांची रीत आपल्याहून निराळी.

आपण तिथि पाहतों ती उपासासाठीं, श्राद्धासाठीं, फार तर मुहूर्तासाठीं. कोळी तिथि पाहतो ती पाण्यासाठीं. किनाऱ्यावर एक ठोकळ हिशेब परंपरेनें चालत आला आहे : तिथीच्या आंकड्याची पाऊणपट केली म्हणजे पूर्ण भरतीची वेळ निघते. चतुर्थीस तीन वाजतां, अष्टमीस सहा वाजतां, द्वादशीस नऊ वाजतां; पौर्णिमेस सवाअकरा. पौर्णिमा उलटली कीं प्रतिपदेपासून पुन्हां मोजावयाचें. चंद्र दररोज सुमारें पन्नास मिनिटें मागें राहतो व भरतीही तितकीच उशिरां येते, हें त्यामागील शास्त्र. छापील कोष्टकाशीं ताडून पाहिल्यास थोडाफार फरक पडतो, पण होडी लोटण्यास तेवढें पुरतें. दादर-माहीमकडे राहणाऱ्या आमच्या वाचकांनीं एखाद्या संकष्टीच्या दिवशीं दुपारीं तीनच्या सुमारास चौपाटीवर जाऊन याचा पडताळा अवश्य पाहावा. चंद्रोदयाची वाट पाहण्यांत तेवढाच वेळ बरा जाईल.

वेळेप्रमाणें पाण्याचा जोरही तिथीवरूनच कळतो. पौर्णिमा-अमावास्येस उधाण, अष्टमीच्या आगेंमागें पाणी मंदावतें, त्यास भांग म्हणतात. मुंबईपासून उत्तरेकडे वेसावें, मढ, अर्नाळा या बाजूस जें डोल नांवाचें जाळें वापरतात, त्याचा सारा संसार या उधाण-भांगावर चालतो. समुद्राच्या तळांत खुंट रोवून त्यांस हें पिशवीसारखें लांबलचक जाळें बांधतात व त्याचें तोंड प्रवाहाकडे ठेवतात. माशाचा पाठलाग करावयाचा नाहीं. पाणीच त्यास आणून सोडतें. भरती-ओहोटी पालटतांना पाणी क्षणभर थबकलें कीं जाळें वर घ्यावयाचें. उधाणांत बोंबील, जवळा, मांदेली भरपूर मिळतात. भांगांत प्रवाहच नसल्यानें कोळी जाळें दुरुस्त करीत घरीं बसतो. आपली एकादशी पंधरवड्यांतून एकदां. त्यांचा विसावाही तसाच.

आतां पावसाळ्याविषयीं. जेष्ठापासून श्रावणी पौर्णिमेपर्यंत होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवण्याची चाल जुनी आहे. समुद्र खवळलेला असतो हें एक कारण. पुष्कळ माशांचा विणीचा काळ हाच, हें दुसरें. पण दोन अडीच महिने खावयाचें काय? येथें कोळिणींचा हिशेब पुढें येतो. बोंबिलाच्या अंगांत बहुतेक पाणीच असतें. तो ताजा फार टिकत नाहीं. म्हणून दोन दोन बोंबिलांचे जबडे एकमेकांत अडकवून ते बांबूच्या वलांडीवर उन्हांत वाळत घालतात. आपल्या घरीं वैशाखांत पापड-कुरडया होतात, तद्वतच हें वाळवण. (आमच्या वाचकांपैकीं सारस्वत मंडळींस याहून अधिक सांगण्याचें धाडस आम्ही करीत नाहीं.) सुके बोंबील, सोडे, जवळा विकून पावसाळा निभावे, म्हणूनच पौर्णिमेपर्यंत थांबणें परवडे. आज मुंबईच्या कोळीवाड्यांतून वाळवणाची मोकळी जागा आक्रसत चालली आहे. वलांडी गेली कीं थांबण्याची ताकदही जाते, ही गोष्ट फारशी कोणाच्या ध्यानांत येत नाहीं.

त्यांत कायद्याचें पंचांग वेगळें. राज्याचा सागरी मासेमारी नियमन कायदा १९८१ चा. यांत्रिक नौकांस आज १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची बंदी असते. पौर्णिमा मात्र इंग्रजी तारखेस बांधलेली नाहीं. २०२४ सालीं ती १९ ऑगस्टला आली. त्यापूर्वीं २०२३ सालीं अधिक श्रावणामुळें ३० ऑगस्टला. म्हणजे रीत पाळणारा महिनाभर अधिक थांबला, आणि न पाळणारा १ ऑगस्टलाच निघाला. या दोघांत कोणी परका नाहीं. यांत्रिक नौकांचे मालकही पुष्कळदां कोळीच असतात व त्यांच्या डोक्यावर कर्जाचे हप्ते असतात. परंतु त्या दिवसांत जाळ्यांत सांपडतें काय? पापलेटची पिलें. सातपाटीसारख्या पापलेटवर जगणाऱ्या गांवांची ही जुनी तक्रार आहे. २०२३ सालीं शासनानें रुपेरी पापलेटास राज्यमासा ठरविलें, आणि १३५ मिलिमीटरहून लहान पापलेट धरूं नये असा नियमही केला. नियम चांगला, पण जाळें ओढल्यावर पट्टी लावून उपयोग काय, तें आम्हांस कळत नाहीं.

माशांस अधिकमास कळत नाहीं, असें कोणी म्हणेल, व तें खरें आहे. तिथीनें ठरविलेली मुदत दरवर्षीं सारखीच योग्य असेल असें आम्हीही म्हणत नाहीं. तरी बंदी वाढवावी कीं नाहीं याचा विचार करतांना जे आपखुषीनें थांबतात त्यांस आधीं विचारावें, आणि त्यांच्या थांबण्याचा तोटा त्यांच्यावरच पडूं नये, इतकें आमचें म्हणणें आहे.

एका श्रावणांत आम्ही वेसाव्यास गेलों होतों. लहान होड्या वाळूवर होत्या. दूर मोठ्या नौका दिसत होत्या. जाळें विणीत बसलेल्या एका वृद्ध तांडेलास, तुम्ही अजून कां निघालां नाहीं, असें आम्हीं विचारलें. त्यानें उलट आम्हांसच आजची तिथि विचारली. आम्हांस ती सांगतां आली नाहीं. सप्तमी, असें तोच म्हणाला, आणि पुन्हां विणूं लागला.