मातीचे रंग आणि हातांची विद्या

निसर्गाकडे पाहून, निसर्गातल्याच रंगांनी चित्र काढणे म्हणजे मुलांचा सुट्टीतला विरंगुळा, असा समज सर्वत्र रूढ आहे. होळी आली की पळसाची फुले आठवतात, पर्यावरणदिनी पानांचे ठसे उमटवले जातात, आणि दुसऱ्या दिवशी सारे विसरले जाते. आम्हांला हा समज मान्य नाही. निवासी शाळेच्या शिक्षणात या कलेला कायमचे आणि मानाचे स्थान असावे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

ही कला आपल्याला परकी नाही. विनयपिटकातील महावग्गात चीवर रंगवण्याची हकिकत आहे. काही भिक्खू शेणाने आणि पिवळट मातीने चीवरे रंगवीत; रंग चांगला बसत नसे. तेव्हा भगवान बुद्धांनी मूळ, खोड, साल, पान, फूल आणि फळ यांपासून काढलेल्या सहा प्रकारच्या रंगांना अनुमती दिली. रंग उकळून पक्का झाला की नाही हे पाहण्यासाठी त्याचा थेंब पाण्यात किंवा नखावर टाकून पाहावा, असेही तेथे सांगितले आहे. त्याच ग्रंथात मगधातील बांधांनी आखलेली शेते पाहून आनंदांनी चीवराची रचना केल्याची कथा येते. शेताकडे पाहून आकार सुचणे, झाडापासून रंग मिळणे आणि थेंबाने परीक्षा घेणे, या तीन गोष्टींत आमच्या म्हणण्याचे सार आले.

दुसरा दाखला अजिंठ्याचा. तेथील 16 क्रमांकाचे लेणे वाकाटक नृपती हरिषेणाचा मंत्री वराहदेव याने कोरविले. हरिषेणाच्या शाखेची राजधानी वत्सगुल्म, म्हणजे हिंगोलीच्या शेजारचे आजचे वाशीम. अजिंठ्याच्या भिंतीवर आधी मातीचा गिलावा दिला जाई; त्यात भाताचा कोंडा आणि वनस्पतींचे तंतू मिसळलेले असत. त्यावर चुन्याचा पातळ थर, आणि मग रंग. तांबडा व पिवळा गेरूचा, काळा काजळीचा, हिरवा हिरव्या मातीचा. निळ्यासाठी मात्र अफगाणिस्तानातील लाजवर्द दगड येत असे. ज्यांची किंमत सर्वांत कमी ते मातीचे रंग दीड हजार वर्षे टिकून राहिले आहेत. छतांवरची कमळे, फळे आणि हंस पाहिले की त्या चित्रकारांनी परिसर किती बारकाईने न्याहाळला होता हे कळते.

आता आपल्या जिल्ह्याकडे पाहू. वसमतच्या हळदीला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. आपल्या अनेक विद्यार्थ्यांच्या घरी हळद शिजते, वाळते, पॉलिश होते. पण तिच्यात दडलेली प्रयोगशाळा त्यांना कोणी दाखवत नाही. हळदीच्या पाण्यात चुन्याची निवळी पडताच पिवळा रंग लाल होतो. लिंबू पिळले की तो पुन्हा पिवळा होतो. आम्ल आणि अल्कली यांचा धडा याहून सोपा कोणता? हळदीने रंगवलेला कागद उन्हात ठेवला तर काही दिवसांत फिका पडतो, शेजारचा गेरू मात्र तसाच राहतो. असे का, हा प्रश्न मुलाच्या मनात उभा राहणे हेच शिक्षण होय.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो आम्ही हलका मानत नाही. काही पालक म्हणतात, “आमच्या आयाबायांचे आयुष्य शेणामातीत गेले. त्यातून बाहेर पडावे म्हणून मुलांना शाळेत घातले; तुम्ही पुन्हा त्यांच्या हाती माती देता?” या प्रश्नामागे पिढ्यांचे दुःख आहे. साल, चुना, माती, कातडे यांचे ज्ञान ज्या हातांत होते, त्याच हातांना समाजाने अस्पृश्य ठरवले. ते काम जन्माने लादलेले होते, त्यात निवड नव्हती आणि मानही नव्हता. म्हणून जुन्या गावगाड्याचे गोडवे गाणे आम्हांला मंजूर नाही. परंतु लादलेले काम टाकून देणे आणि त्यातील ज्ञान टाकून देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बाभळीच्या सालीचा कस ठाऊक असलेली आजी अडाणी नव्हती. तिच्या विद्येला विद्या म्हटले गेले नाही, इतकेच. तिचा नातू तीच गोष्ट वहीत लिहितो आणि तिच्यामागचे कारण शोधतो, तेव्हा तो मागे जात नाही. हिरावलेला मान परत घेतो.

त्याचबरोबर गरिबीला निसर्गप्रेमाचे नाव देऊन रंगपेटी नाकारणे हाही अन्यायच. शासकीय रेखाकला परीक्षांना बसणाऱ्या मुलांना बाजारातले चांगले रंग मिळालेच पाहिजेत. नैसर्गिक ते सारे निरुपद्रवी, हीदेखील भाबडी समजूत आहे. रुईचा चीक डोळ्यांना घातक, धोतरा विषारी, चुना त्वचा भाजणारा. म्हणून हे काम जाणत्या शिक्षकाच्या देखरेखीखालीच व्हावे.

आमची सूचना साधी आहे. प्रत्येक शाळेने एक रंगवही ठेवावी. कोणता रंग कोठून आणला, किती उकळला, बाभळीचा डिंक किती घातला, उन्हात किती दिवस टिकला, याची नोंद मुलांनीच करावी. माजी विद्यार्थ्यांनी आपापल्या गावची मूठभर माती नाव लिहून शाळेकडे पाठवावी. काळी, तांबडी, मुरमाड, पांढरी, अशा मातींची ओळ लागली की आपला जिल्हा मुलांना नकाशापेक्षा स्पष्ट दिसेल. पालकांनी शाळेत येऊन आपल्याला ठाऊक असलेले सांगावे. शिक्षकांनी ते टिपून घ्यावे.

याला मोठा निधी लागत नाही. लागतो तो आठवड्यातून एक तास, आणि श्रमाच्या हातांतही बुद्धी असते हा विश्वास. तो विश्वास आपल्या शाळांनी मुलांना द्यावा, एवढीच आमची अपेक्षा.