पुलाची खतावणी

व्यापारी मनुष्य कोणतीही वस्तू केवळ खरेदीच्या भावावरून पारखीत नाही. ट्रक घेताना तेल, टायर, विमा, दुरुस्ती आणि शेवटी मोडीत निघताना येणारी रक्कम हे सर्व तो मनातल्या मनात मांडून घेतो. परंतु तोच ट्रक ज्या पुलावरून जावयाचा, त्या पुलाचा हिशेब मात्र बहुधा एकाच रकान्यात संपतो : सर्वांत कमी दराची निविदा कोणाची? पुढील पन्नास वर्षांची तपासणी व डागडुजी, वाहतूक खोळंबल्याने होणारे नुकसान आणि अखेर तो पूल उतरविण्याचा खर्च यांची खतावणी सहसा होत नाही.

उदाहरणासाठी फार दूर जावयास नको. कंग्राळीच्या बाजूच्या आपल्या मार्केट यार्डातील भाजीपाला चोर्ला घाटाने गोव्यात उतरतो. तेथे पणजीलगत मांडवीवर १९७० च्या सुमारास बांधलेला नेहरू सेतू ५ जुलै १९८६ रोजी कोसळला. खाडीच्या खाऱ्या हवेने काँक्रीटच्या पोटातील ताणलेल्या पोलादी तारा गंजल्या होत्या. हा रोग मोठा कपटी. बाहेरून पूल धडधाकट दिसतो आणि आतील गंज कळेपर्यंत वेळ टळून गेलेली असते. पुढे लोकांना तरींचा आधार घ्यावा लागला. १९८३ चा जुवारी पूलही लवकरच दुखणाईत झाला व जड वाहनांना त्यावर मज्जाव करावा लागला. शेजारचा नवा पूल २०२२ च्या डिसेंबरात खुला होऊ लागला. आणि त्याच पणजीहून रायबंदरास जाणारा, पोर्तुगीजांनी १६३३-३४ साली जांभ्या दगडात बांधलेला सेतुमार्ग आजही वापरात आहे!

यावरून ‘जुने ते सोने’ म्हणावे, तर महाडजवळील सावित्रीवरचा १९२८ चा दगडी पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात वाहून गेला व प्रवाशांसह गाड्या नदीत गेल्या. तेव्हा प्रश्न दगडाचा की काँक्रीटचा हा नव्हे. पाया कोण, कधी व कोणत्या पैशातून पाहणार, हा आहे.

येथे एक अडचण प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. शेकडा दहा टक्के व्याज धरले, तर पन्नास वर्षांनी करावयाच्या एक रुपया खर्चाची आजची किंमत एका पैशाहूनही कमी भरते. मग आज अधिक पैसा घालून टिकाऊ काम करावेच कशाला? व्याजाचे गणित चूक नाही; पण त्या वहीत सरकारचाच खर्च चढतो. पूल बंद पडल्यावर लांबचा फेरा घेणाऱ्या ट्रकचे डिझेल आणि वाटेत नासलेला टोमॅटो तीत कोठेच नसतो. तो आपल्या वहीत असतो.

सर्वच बांधकाम शतकानुशतके टिकावे, असा माझा आग्रह नाही. मालाचे गोदाम तीस वर्षांसाठी बांधावे, पण जोड नटबोल्टचे ठेवावेत, म्हणजे पुढे पोलाद सुटे करून पुन्हा वापरता येईल. अपरिग्रह मानणाऱ्यांस हे निराळे सांगावयास नको. बेळगावच्या किल्ल्यातील कमल बसदी इ. स. १२०४ च्या सुमारास रट्टांचा मंत्री बिचिराज याने उभारली. ती आजवर उभी आहे, त्यात दगडाइतकाच देखभालीचाही वाटा आहे. आपल्या परंपरेने जीर्णोद्धाराचे पुण्य नव्या बांधणीहून अधिक मानले आहे. सार्वजनिक बांधकामाच्या अंदाजपत्रकात मात्र फीत कापण्यासच मान.

यार्डातील रस्ते व गटारे यांविषयी संघ पुढील निवेदन देईल, तेव्हा त्यात एवढी मागणी जरूर असावी : निविदेसोबत तीस वर्षांच्या देखभालीचा अंदाज जोडावा आणि त्यासाठीची रक्कम दरसाल वेगळी काढावी.